सॉफ्टबॉलच्या बॅटला, वाशिमहून

प्रिय बॅट,

तुला पत्र लिहायचे कारण सरळ आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांचे वारे वाहू लागतात, शाळाशाळांतून साहित्याच्या याद्या निघतात, आणि त्या यादीत तुझ्या नावापुढे एवढेच लिहिलेले असते: ‘सॉफ्टबॉल बॅट, 1 नग’. लांबी नाही, वजन नाही, कोणासाठी हवी त्याचा पत्ता नाही. मग दुकानातून जी येईल ती येते. चौदा वर्षांच्या मुलीपासून एकोणीस वर्षांच्या मुलापर्यंत सगळे वर्षभर तिलाच धरून होमप्लेटपाशी उभे राहतात. हे मला मान्य नाही. ज्यांना हे सांगायला हवे ते मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, पालक, दुकानदार आणि स्वतः मुली, हे सगळे तुझ्याच अवतीभवती असतात. म्हणून तुला लिहिते आणि ते उघड्यावर लिहिते.

तू जन्मलीस ती हलकीच होतीस. 1887 च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमले होते. निकाल लागला, आनंदाच्या भरात एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हँकॉकने तो ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट झाली आणि चार भिंतींच्या आत खेळ रंगला. पुढे तो मैदानात आला, 1926 मध्ये त्याला सॉफ्टबॉल हे नाव मिळाले, 1961 मध्ये जोधपूरला भारताची संघटना उभी राहिली. 1996 ते 2008 तो ऑलिम्पिकमध्ये होता, टोकियोत पुन्हा आला आणि 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा असणार आहे. एवढ्या प्रवासात तू लाकडाची राहिली नाहीस. आधी अ‍ॅल्युमिनियमची झालीस, मग कार्बन तंतूंची. पण ज्या खेळाची सुरुवात झाडूच्या दांड्याने झाली, त्या खेळात आमच्या पोरींच्या हाती मुसळासारखे काहीतरी का यावे, हा प्रश्न मला सोडत नाही.

आमचा जिल्हा तुला माहीत असण्याचे कारण नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा निघालेला हा लहानसा जिल्हा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके, काळी माती आणि पावसाळाभर नजर पोचेल तिथवर सोयाबीन. जिल्ह्यात जिंकलेला संघ विभागाला जातो, आणि आमचा विभाग म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा यांच्याशी गाठ. अमरावतीला तर 1914 पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वऱ्हाडातले कितीतरी क्रीडाशिक्षक तिथेच शिकून आले, आणि सॉफ्टबॉलसारखे खेळ त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचले. या खेळाने मुलींना काय दिले हेही सांगायला हवे. तालुक्याच्या गावाबाहेर पहिल्यांदा एसटीने मुक्कामी जाणे, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के जागांची आशा. शिवछत्रपती पुरस्कारांच्या यादीत सॉफ्टबॉलचे खेळाडू असतात, हे आमच्या मुलींना ठाऊक आहे. त्यामुळे तुझी निवड ही आमच्याकडे हौसेची बाब नाही.

आता मूळ मुद्दा. या खेळावरचा सगळीकडचा सल्ला असा असतो: आधी आपल्या खेळाची पद्धत ओळखा, मग तिला साजेशी बॅट निवडा. जिथे मुलगी आठव्या वर्षापासून खेळते आणि दर दोन वर्षांनी नवी बॅट घेते, तिथे हे बरोबरच आहे. आमच्याकडे क्रम उलटा लागतो. बॅट आधी येते, आणि मुलीचा खेळ तीच ठरवून टाकते. जड बॅट आली की जिला ती फिरत नाही, ती चेंडूला नुसती बॅट आडवी लावते. मग आम्ही म्हणतो, ही बंटची खेळाडू. दुसरी सगळा जोर लावून फिरवते, पण उशिरा. तिचे तीन स्ट्राइक होतात आणि आम्ही म्हणतो, हिची नजर बसत नाही. तिसरी मुलगी अंगापिंडाने मजबूत म्हणून तिला ती पेलते, आणि आम्ही म्हणतो, फटका फक्त हिच्याकडे आहे. या तिघींबद्दल आपण जे बोललो ते त्यांच्याबद्दल नव्हतेच, ते त्या एका बॅटच्या वजनाबद्दल होते. ‘ही बॅट मले पेलत नाही जी,’ असे एखादी मुलगी बोलून दाखवते तेव्हा तिला ‘ताकद वाढव’ असे उत्तर मिळते. ताकद वाढवायला हवीच. पण ती वाढेपर्यंत दोन मोसम गेलेले असतात, आणि दहावीनंतर खेळ सुटलेला असतो.

वजन किती असावे याबद्दल नियम फार मोकळा आहे आणि गडबड तिथूनच सुरू होते. नियमाप्रमाणे तुझी लांबी 34 इंचांपेक्षा, म्हणजे 86.4 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, जाडी सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे 5.7 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि वजन 38 औंसांपेक्षा, म्हणजे 1077 ग्रॅमपेक्षा जास्त नको. हा वरचा आकडा वाचून कोणाला वाटते की नऊशे ग्रॅमची बॅट नियमात बसते, मग काय हरकत आहे? हरकत अशी आहे की जगभर महिला खेळाडू ज्या बॅटी वापरतात त्या बहुतेक साडेपाचशे ते साडेसातशे ग्रॅमच्या असतात. तुझ्या अंगावर ‘-10’, ‘-8’ असे जे आकडे छापलेले असतात, त्यांना ड्रॉप म्हणतात. इंचांतल्या लांबीतून औंसांतले वजन वजा केले की तो निघतो. 33 इंच लांब आणि 23 औंस वजन म्हणजे उणे दहाची बॅट, सुमारे 650 ग्रॅम. तेवढीच लांब पण उणे आठची घेतली तर ती 25 औंस, म्हणजे सुमारे 710 ग्रॅम भरते. कागदावर फरक साठ ग्रॅमचा. सातव्या इनिंगला, दुपारच्या उन्हात, तो साठ ग्रॅमचा राहत नाही.

आणि दुकानात सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो तुझ्या बहिणीमुळे. बेसबॉलची बॅट आपल्याकडे सहज मिळते, सॉफ्टबॉलची सहज मिळत नाही. दुकानदार म्हणतो, एकच आहे, घेऊन जा. एकच नाही. बेसबॉलची मोठ्यांची बॅट बहुतेकदा उणे तीनच्या आसपास असते. 33 इंचांची असेल तर 30 औंस, म्हणजे साडेआठशे ग्रॅम. शिवाय तिची जाडी सॉफ्टबॉलच्या सव्वादोन इंचांच्या मर्यादेबाहेर असू शकते आणि मग पंच ती मैदानात येऊच देत नाहीत. घेताना जाडी मोजा आणि तुझ्यावर सॉफ्टबॉल हा शब्द आहे का ते पाहा, एवढे तरी प्रत्येक शाळेने करावे.

जड बॅटच्या बाजूने बोलणारे माझे सहकारी एक गोष्ट नेहमी सांगतात: जड बॅटने चेंडू लांब जातो. त्यात तथ्य आहे. बॅटचा वेग तोच ठेवून वजन वाढवले तर चेंडू नक्कीच जोरात जाईल. पण वेग तोच राहत नाही. चेंडू बॅटवरून किती वेगाने निघतो याचा ढोबळ हिशोब भौतिकशास्त्राचे लोक असा मांडतात की पिचरच्या चेंडूच्या वेगाचा पाचवा भाग आणि बॅटच्या वेगाची 1.2 पट, यांची बेरीज. म्हणजे बॅट ताशी पाच किलोमीटरने जास्त वेगात फिरली तर चेंडू सहा किलोमीटर जास्त वेगाने निघतो. आमच्या मुलींच्या बाबतीत वेग हाच मिळवण्यासारखा भाग आहे आणि तो हलक्या बॅटने मिळतो.

वेळेचा हिशोब तर याहून कठोर आहे. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होमप्लेटपासून 43 फुटांवर, म्हणजे 13.11 मीटरवर असते. पिचर एक लांब पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे खरे अंतर त्याहूनही कमी. चेंडू ताशी 80 किलोमीटरने आला तरी बॅटरच्या हाती अर्धा सेकंद उरतो. त्यातला बराच भाग चेंडू पाहण्यात आणि ‘मारू की सोडू’ हे ठरवण्यात जातो, आणि फिरवलेली बॅट चेंडूपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पाचवा-सहावा भाग लागतो. जिची बॅट जड, तिला आधीच निघावे लागते. चेंडू नीट दिसायच्या आत तिने निर्णय घेतलेला असतो. म्हणून मी म्हणते की हलकी बॅट मुलीला चेंडू पाहण्यासाठी थोडा जास्त वेळ देते. नजर बसत नाही म्हणून बाजूला काढलेल्या किती मुलींना हा वेळ मिळालाच नव्हता, याचा विचार आम्ही शिक्षकांनी करायला हवा.

हलकी म्हणजे नेमके काय, हेही काट्यावर सगळे कळत नाही. घरची कुऱ्हाड फाळाकडून धरली तर दांडा हवेत सहज फिरतो. तीच दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मनगट ओढले जाते. वजन बदललेले नाही, ते हातापासून किती लांब आहे ते बदलले. तुझेही तसेच. 2003 मध्ये लॉइड स्मिथ, जेफ ब्रोकर आणि अ‍ॅलन नाथन यांनी सॉफ्टबॉलपटूंना मुद्दाम तयार केलेल्या बॅटी फिरवायला देऊन मोजमाप केले. काही बॅटींचे वजन सारखे होते पण ते वेगवेगळ्या जागी वाटलेले, काहींचे वजन वेगळे होते पण फिरवायला त्या सारख्याच. खेळाडूंचा वेग बदलला तो वजन कुठे आहे त्यानुसार. नुसत्या एकूण वजनाने तो फारसा बदलला नाही. म्हणून दोन बॅटी सारख्याच ग्रॅमच्या असल्या तरी एक टोकाला जड असते आणि दुसरी समतोल. मधल्या बोटावर आडवी ठेवून बघितले तर कुठली कुठे झुकते ते कोणालाही कळते. चौदा वर्षांखालच्या मुलीसाठी टोकाला जड बॅट घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे, मग ती काट्यावर कितीही हलकी भरो.

आता ‘खेळाची पद्धत’ म्हणतात तिच्याकडे येते. आमच्याकडे सॉफ्टबॉलला येणाऱ्या अर्ध्याअधिक मुली खो-खो आणि कबड्डीतून येतात. कोणी त्यांना आठवीत विचारले असते तर त्यांनी या खेळाचे नावही ऐकलेले नसते. पण खो-खोच्या मुलीकडे अशी एक गोष्ट असते जी सॉफ्टबॉलमध्ये शिकवायला वर्षे लागतात: बसल्या जागेवरून उसळी घेऊन पहिल्या दोन पावलांत वेग घेणे. होमप्लेटपासून पहिला बेस 18.29 मीटरवर. डाव्या हाताने खेळायला उभी राहिलेली मुलगी बेसच्या बाजूलाच असते, म्हणजे एक-दीड पाऊल आधीच जवळ. ती धावतधावत चेंडूला टपली मारते, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपकडे जमिनीलगत घालते आणि तीन सेकंदांच्या आत बेसवर पोचते. याला स्लॅप म्हणतात, आणि खो-खोतून आलेल्या मुलींनी तो शिकावा असे मला मनापासून वाटते. त्यात उजव्या हाताच्या मुलीला डावीकडून उभे करावे लागते, सुरुवातीला अवघड जाते, बॅटरच्या चौकटीबाहेर पाय पूर्ण पडला असताना चेंडूला बॅट लागली तर ती बाद होते, ही शिस्त अंगी बाणवावी लागते. पण यासाठी जी तू हवीस ती हलकी, समतोल, उणे दहा ते उणे बाराची. धावत असताना शेवटच्या क्षणी दिशा बदलता आली पाहिजे. शक्य तर लांबी किंचित जास्त, कारण पिचर अशा मुलीला चेंडू मुद्दाम बाहेरच्या बाजूला टाकते. 32 इंच आणि 20 औंस, म्हणजे साधारण 570 ग्रॅम, हे माझ्या मते सोळा-सतरा वर्षांच्या चपळ मुलीला बसणारे माप आहे. साडेआठशे ग्रॅमच्या बेसबॉल बॅटने स्लॅप शिकवणे म्हणजे त्या मुलीचे पाय वाया घालवणे.

दुसरी मुलगी बहुतेक संघात असतेच: फार वेगवान नाही, फार ताकदीचीही नाही, पण चेंडू बॅटला लावण्यात तिचा हातखंडा. ती दोन स्ट्राइकनंतरही घाबरत नाही, फाऊल करत राहते, पिचरला दमवते. तिला समतोल बॅट, 32 किंवा 33 इंचांची, उणे दहाची. बहुतेकींसाठी हीच बरोबर असते, आणि शाळेला एकच बॅट घेता येणार असेल तर हीच घ्यावी.

तिसरी आहे ती फटकेबाज. आमच्या मुलींच्या खांद्यांत आणि कमरेत जी ताकद असते ती व्यायामशाळेतून आलेली नसते. डोक्यावर पाण्याचे हंडे, निंदण, सोयाबीनची सोंगणी यांतून ती आलेली असते. अशी मुलगी जेव्हा कमरेतून फिरून चेंडू मधोमध घेते, तेव्हा आउटफिल्डमधल्या मुली मागे धावू लागतात. तिला उणे आठ किंवा उणे नऊची, टोकाला थोडी जड बॅट जरूर द्यावी. पण तिने ती आपल्या हाताने मिळवलेली असावी. समतोल बॅटने ती वेळेवर पोचते आहे, फिरवताना टोक खाली पडत नाही, उजवा खांदा ढळत नाही, हे दिसले की मगच. टोक खाली पडू लागले की चेंडू उंच उडून झेलात जातो आणि मुलीला वाटते आपण थोडक्यात चुकलो. ती थोडक्यात चुकत नसते, बॅट तिला चुकवत असते.

ओळख पटवायच्या दोन साध्या रीती सांगते, त्यांना पैसे लागत नाहीत. मुलीने एका हाताने तुला मुठीकडून धरून खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ धरावे. वीस-पंचवीस सेकंदांत हात थरथरायला लागला, टोक खाली आले, तर ती तिच्यासाठी जड आहे. लांबीसाठी मुठीची गाठ छातीच्या मधोमध टेकवून तुझे टोक समोर धरावे आणि हात लांब करावा. बोटे टोकाला सहज वळसा घालत असतील तर लांबी ठीक. बोटे टोकापर्यंत पोचतच नसतील तर बॅट लांब आहे, मग ती कितीही सुंदर दिसो. आणि ज्या शाळेत जड बॅटशिवाय दुसरी नाहीच, तिथल्या मुलीने आज संध्याकाळपासून एक करावे: दोन बोटे वर धरावे. मुठीच्या गाठीपासून दीड-दोन इंच वर पकडले की फिरवायला तीच बॅट बरीच हलकी होते. बाहेरच्या चेंडूवर पोच थोडी कमी होईल, पण वेळ साधेल. काही मुलींना हा कमीपणा वाटतो. वाटू नये, मोठमोठे खेळाडू दोन स्ट्राइकनंतर असेच धरतात.

मुठीबद्दल थोडे अधिक. सोंगणीचे दिवस आणि स्पर्धांचे दिवस आमच्याकडे जवळजवळ एकच. सप्टेंबर-ऑक्टोबरात कित्येक मुलींचे तळवे सोलवटलेले असतात, बोटांना विळ्याचे घाव असतात. अशा हातात गुळगुळीत झालेली, घामाने भिजलेली ग्रिप म्हणजे त्रासच, आणि बॅट हातातून निसटली तर समोरच्या मुलीच्या जिवाशी खेळ. नियमाप्रमाणे सुरक्षित ग्रिप कमीत कमी 10 इंच आणि जास्तीत जास्त 15 इंच लांबीची लागते. दर मोसमाला ती बदलावी. बारीक हाताच्या मुलीसाठी एकच थर पुरे, जाड मूठ तिचे मनगट अडवते. याचा खर्च चेंडूपेक्षाही कमी आहे, तरी यादीत तो कधीच नसतो.

तू कशाची बनलेली असावीस याबद्दल मी अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने आहे, आणि त्यामागे केवळ पैशांचा विचार नाही. कार्बन तंतूंच्या महाग बॅटीचे गुण मला मान्य आहेत. तिचे अंग लवचीक, चेंडू तिच्यावरून उसळी मारल्यासारखा निघतो, आणि दोन तुकड्यांची असेल तर चुकीच्या जागी लागल्यावर हाताला झिणझिण्या कमी येतात. अमेरिकेत चांगली बॅट साडेतीनशे-चारशे डॉलरला पडते. आमच्या शाळेचा वर्षाचा सगळा खेळाचा खर्च त्यात बसेल. तरीही समजा कोणी दात्याने ती दिली, तर पुढे काय? ती नवी असताना पूर्ण खुलत नाही. शे-दीडशे फटके, दर वेळी थोडी फिरवत, नेमाने मारावे लागतात. तिला सॉफ्टबॉलचाच चेंडू लागतो. सरावाच्या यंत्राचे खळ्याखळ्यांचे टणक चेंडू आणि क्रिकेटचा चामडी चेंडू तिला चिरा पाडतात, आणि आमच्या मैदानावर संध्याकाळी शेजारचीच मुले तिने क्रिकेट खेळणार हे मला पक्के माहीत आहे. पारा पंधरा अंशांखाली गेला की ती तडकण्याची भीती असते, आणि डिसेंबर-जानेवारीतली वाशिमची पहाट त्याहून थंड असते. उत्तर भारतात हिवाळ्यात स्पर्धा असेल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात बंद गाडीत पडून राहिली तरी तिच्यातल्या राळेला ते सोसत नाही. एका मुलीच्या हातात, तिच्या देखरेखीखाली ती शोभते. पंधरा जणींच्या सामाईक पिशवीत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची बॅट पहिल्या दिवसापासून तयार असते. तिला पोचा पडतो तो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, आणि पोचा पडलेली बॅट सामन्यात चालत नाही हे पंचाआधी मुलीलाच कळते. पावसात पुसली की झाले. लाकडाची बॅट मला आवडते, पण आमच्या पावसाळ्यात ओलसर खोलीत ठेवलेली लाकडी बॅट पाणी पिते आणि जड होते.

सुरक्षेबद्दलही लिहायला हवे, कारण त्यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघटनेने 2004 पासून बॅटच्या मान्यतेसाठी फटक्याच्या वेगाला मर्यादा घातली: चेंडू ताशी 98 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 158 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने निघता कामा नये. ती मर्यादा पिचरसाठी आहे. फटका बसतो तेव्हा ती मुलगी 13 मीटरवरही नसते, पाऊल पुढे टाकून अजून जवळ आलेली असते आणि तिच्या तोंडासमोर बहुतेक वेळा काहीच नसते. म्हणून तुझ्यावर मान्यतेचा शिक्का आहे की नाही ते पाहणे हे समोरच्या संघातल्या मुलीची काळजी घेणे आहे. सरावात तरी पिचरला जाळीचा मास्क द्यावा, एवढी विनंती याच पत्रात करून ठेवते.

यादीबद्दल माझे म्हणणे आता स्पष्ट लिहिते, म्हणजे कोणी ‘काय हवे ते सांगा’ म्हणायला नको. एका महाग बॅटच्या पैशांत तीन साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटी घ्याव्यात. पहिली 30 इंच, 19 औंसांच्या आसपास, चौदा वर्षांखालच्या मुलींसाठी आणि कोणाही नवख्या मुलीसाठी. दुसरी 32 इंच, 20 ते 22 औंस, समतोल. संघातल्या बहुतेक जणी हीच वापरतील. तिसरी 33 इंच, 24-25 औंस, फटका मारणाऱ्या एक-दोघींसाठी आणि मुलांच्या संघासाठी. यादीत ‘नग’ लिहायच्या आधी हे आकडे लिहावेत. शाळांना क्रीडांगण विकासाच्या अनुदानातून साहित्य घेण्याची वाट आहे, गावोगावी माजी विद्यार्थी आहेत, शाळाशाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. तीन बॅटी ही कोणालाही न झेपणारी मागणी नाही. सर्वांत कमी दराच्या निविदेत जी बॅट बसते ती मुलीच्या हातात बसेलच असे नाही, म्हणून मागणीपत्रात वजन लिहिणे हेच आपल्या हातातले आहे. वजन लिहिले की कमी दराचीसुद्धा त्याच वजनाची द्यावी लागते.

आणि बॅटी आल्यावर त्या कपाटात कुलूपबंद करू नयेत. जून-जुलैचे पहिले पंधरा दिवस प्रत्येक मुलीला तिन्ही बॅटींनी, टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर ठेवलेला चेंडू आणि मग हळू टाकलेला चेंडू, असे मारू द्यावे. कोणती बॅट कोणाच्या हातात टोक न पाडता फिरते, कोणाचा चेंडू रेषेत जातो, कोणाला कोणत्या बॅटने हाताला झिणझिण्या येतात, हे वहीत लिहावे. चेंडू बॅटच्या टोकापासून थोडा आत, नेमक्या जागी लागला की आवाज वेगळा येतो आणि हाताला काही जाणवत नाही. मुलींना तो फरक स्वतः ओळखू द्यावा. कोण स्लॅपची, कोण फटक्याची, हे त्या पंधरा दिवसांनंतर ठरवावे. वयाच्या पंधराव्या वर्षी बंट करणारी मुलगी सतराव्या वर्षी तिसऱ्या बॅटकडे हात करू शकते. दर वर्षी नव्याने बघायला हवे.

राहिली ती कपाटातली जुनी, जड बॅट. ती टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. क्षेत्ररक्षणाच्या सरावाला आम्ही शिक्षकच मुलींना जमिनीवरचे आणि उंच चेंडू मारून देतो. आमच्या हातांना ती पेलते, आणि तिने मारलेला उंच चेंडू आउटफिल्डपर्यंत सहज जातो. सकाळी साडेसहाला मैदानावर ती माझ्या हातात असेल. बाकीच्या तिघी मुलींच्या.

तुझी,
वाशिम जिल्ह्यातली एक क्रीडाशिक्षिका